बेंबळेकाठची काठी

यवतमाळचा माणूस मासे धरण्याच्या गोष्टी सांगू लागला, तर ऐकणाऱ्याने खुशाल हसावे. आमचा जिल्हा कापसाचा. इथली कित्येक मुले समुद्र प्रथम पाहतात ती महाविद्यालयाच्या सहलीत. आणि पाण्याचे म्हणाल, तर २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह या आमच्या दोन्ही धरणांनी तळ दाखवला, तेव्हा उत्तरपत्रिका तपासता तपासता आम्ही प्राध्यापक मंडळी एक कान टँकरच्या भोंग्याकडे ठेवून बसत होतो. अशा गावच्या मराठीच्या प्राध्यापकाने मासेमारीच्या काठीवर लेख लिहावा, हे जरा जास्तच झाले. पण नकाशा उघडून पाहा. एका अंगाला वर्धा, दक्षिणेला पैनगंगा, आणि मधल्या मुलखात बेंबळा, अडाण, अरुणावती, पूस. पावसाळ्यानंतर सहस्रकुंडाला उभे राहून पैनगंगा काळ्या खडकांवरून कोसळताना ज्याने पाहिली आहे, तो या जिल्ह्याला कोरडा म्हणणार नाही.

आमचे बाबा या पाण्याचे जुने गिऱ्हाईक. जिनिंग कारखान्यात त्यांनी उभा जन्म हिशेब लिहिले. सहा दिवस कापसाच्या गाठी मोजायच्या आणि सातव्या दिवशी सायकलला वेळूची काठी बांधून कुठल्या तरी डोहावर जाऊन बसायचे, हा त्यांचा नेम. गळाला कणकेची गोळी किंवा गांडूळ. पुष्कळदा संध्याकाळी रिकाम्या हाताने परत येत, पण रिकाम्या हाताने परत येणारा माणूस इतका प्रसन्न मी दुसरा पाहिला नाही.

दोन वर्षांपूर्वी माघात त्यांना पक्षाघाताचा झटका आला. जीव वाचला, वाचाही परत आली, पण उजवा हात रुसला. डॉक्टरांनी व्यायामासाठी रबरी चेंडू दाबायला दिला. बाबांनी तो दोन दिवस दाबला आणि तिसऱ्या दिवशी, "मी काय तान्हा आहे?" म्हणून पलंगाखाली सोडून दिला. त्यानंतर बोलणेच कमी झाले. जेवण भरवून घ्यावे लागते याची त्यांना शरम वाटे, म्हणून जेवणही कमी झाले. एका रात्री त्यांनी हाक मारली आणि विचारले, "माझी काठी कुठे आहे?" मी धावत जाऊन चालायची काठी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती भिंतीकडे भिरकावली. "ही नव्हे!"

मला कळायला एक रात्र लागली. वेळूची ती काठी सापडली, पण तिच्या शेंड्याला केरसुणी बांधलेली होती. आमची सौभाग्यवती गेली चार वर्षे तिने जळमटे काढीत होती. बारा फुटांची आणि चांगली जड. धडधाकट माणसालाही ती दोन हातांनी पेलावी लागे. बाबांना पेलेल ती एका हाताची, हलकी काठी हवी होती. औषधे आणि मालीशवाला यांचे पैसे बाजूला काढल्यावर सौभाग्यवतीने मला आकडा दिला : तीन हजार रुपये. वर एक पैसा नाही.

वर्गातल्या एका भोयाच्या मुलाने उपाय सुचवला. "सर, स्पिनिंग रॉड घ्या, लाइटमधला." शिक्षकांच्या खोलीत मी हे बोलून दाखवले, तेव्हा वाणिज्य शाखेच्या आमच्या सहकाऱ्यांना वाटले, मी सूतगिरणीचे भाग विकत घेतो आहे. गंमत अशी की ते अगदीच चुकले नव्हते. या काठीला खालून लटकते ती चक्री (आमच्याकडे संक्रांतीला पतंगाच्या मांज्याची असते ना, तिचीच ही यांत्रिक भाची) कापडधंद्यातूनच आली आहे. इंग्लंडातल्या ब्रॅडफर्डच्या लोकरीच्या व्यवसायातल्या इलिंगवर्थ नावाच्या गृहस्थाने १९०५ साली तिचे पेटंट घेतले. गिरणीतल्या बॉबिनवरून सूत कसे सरसर सुटते, बॉबिन मात्र जागची हलत नाही, हे त्याने पाहिले होते. तीच युक्ती त्याने दोरीला लावली. रीळ फिरावे लागत नाही म्हणून अगदी हलके आमिषही दूर जाते. कापसाच्या जिल्ह्यात या यंत्राला परके कोण म्हणेल?

मात्र मला या सगळ्यात पुढे ढकलले ते एका जुन्या ग्रंथाने. मराठीचा इतिहास शिकवताना ओवीपाशी आलो, की आम्ही हटकून 'मानसोल्लासा'चे नाव घेतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा बाराव्या शतकातला हा संस्कृत ग्रंथ. महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओव्या गातात, अशी नोंद त्यात आहे. ती नोंद मी वीस वर्षे मुलांना उतरवून देत आलो, आणि त्याच ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचे एक सबंध प्रकरण आहे याचा मला पत्ता नव्हता! मासे कोणते, कोणाला काय खायला आवडते, त्यांना खाऊ घालून जागेची सवय कशी लावावी, दोरी आणि काठी कशी असावी, हे सारे राजेसाहेबांनी लिहून ठेवले आहे. सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञांनी १९५१ साली त्यावर लेखही लिहिला. बाबांना हे सांगितले, तेव्हा कित्येक दिवसांनी ते पुरते वाक्य बोलले : "राजाला जड काठी धरायला नोकर असतील."

पहिली काठी मी घरबसल्या मागवली. दुर्बिणीसारखी एकात एक मिटणारी, चित्रात देखणी, चक्रीसकट नऊशे रुपये. सौभाग्यवतीवर छाप पडली. काठी आली ती भरीव काचतंतूची, ओल्या लाकडासारखी जड. अंगणात लिंबाएवढा दगड बांधून फेकून पाहिला, तर तिसऱ्या फेकीला दुसरा सांधा आत गेला तो पुन्हा बाहेर आला नाही. विकणाऱ्याने पैसे परत केले, हे त्याचे उपकार. पण बाबांनी खिडकीतून सगळे पाहिले होते, आणि त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवले.

मग मात्र मी नागपूरला गेलो आणि एका छोट्या दुकानात दोन तास बसलो. दुकानदार जुना गळकरी निघाला. त्याच्याकडून शिकलो ते इथे सांगून टाकतो. कुणाच्या तरी कामी येईल.

काठीवर बारीक अक्षरात आकडे छापलेले असतात, ते सोडून आपण रंग पाहतो. माझ्या काठीवर लिहिले आहे : ६ फूट ६ इंच, २ ते १० ग्रॅम, ४ ते १० पौंड. मधला आकडा सगळ्यांत महत्त्वाचा. काठी फेकते ती आमिषाच्या वजनाने वाकून. पाच ग्रॅमचा खोटा मासा जाड काठीला लावला, तर ती वाकतच नाही. कापसाच्या काट्यावर गुंजभर सोने तोलायला बसावे तसे होते. हलक्या काठीवर जड आमिष लावले, तर शेंडा मोडतो. दुसरी गोष्ट म्हणजे जोर आणि वाक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'लाइट' हा तिचा जोर. 'फास्ट' म्हणजे ती फक्त शेंड्याशी वाकते, 'मॉडरेट' म्हणजे निम्म्यापर्यंत. नवख्याला आणि दुबळ्या हाताला मॉडरेटकडे झुकणारी बरी. ती चूक पोटात घालते, आणि मासा हिसके देतो तेव्हा निम्मे हिसके स्वतः पिते.

'३० टन कार्बन' असे एका काठीवर वाचून मी दचकलो. काठीने तीस टन उचलायचे आहेत की काय? दुकानदार हसला. तो आकडा कार्बनच्या धाग्याच्या ताठपणाचा, ओझ्याचा नव्हे. आणि आपल्या पैशांत ताठपणाच्या फार मागे लागू नये. काठी जितकी ताठ तितकी ठिसूळ. थोडे काचतंतू मिसळलेली कार्बनची काठी वजनाला जराशी जास्त, पण स्कूटरवरून नेताना, दारात आपटताना तग धरते. दोन तुकड्यांची घ्यावी, मिटणारी नको, हे तर मी अंगणात शिकलोच होतो.

खरी मौज पुढे आहे. दोर ज्या कड्यांतून जातो त्या तपासायला त्याने गल्ल्याखालून काय काढावे? कापसाचा बोळा! प्रत्येक कडीतून तो हलकेच फिरवायचा. तंतू अडकला, की कडीला चीर आहे असे समजावे. तीच चीर पुढे दोर कापते. एका महागड्या काठीच्या शेंड्याच्या कडीत तंतू अडकला, आणि तिच्या निम्म्या किमतीच्या काठीच्या सातही कड्या गुळगुळीत निघाल्या. यवतमाळच्या माणसाला कापसाची ही परीक्षा नागपुरात कळावी, याची मला थोडी लाज वाटली.

चक्री दोन हजार नंबरची घेतली. तिच्यात छर्रे किती आहेत याची जाहिरात फार असते. आपण ब्रेक पाहावा. दोर हाताने ओढला, की तो अडखळत न सुटता एकसारखा सुटला पाहिजे. आणि मुठीचा दांडा डावीउजवीकडे बदलता येतो की नाही, हे मी तीनदा विचारले. कारण बाबांनी काठी धरायची डाव्या हाताने, आणि चक्री फिरवायची होती ती त्या रुसलेल्या उजव्या हाताने.

काठी सव्वाशे ग्रॅम, चक्रीसकट साडेतीनशे. बाबांनी ती पलंगावर बसून डाव्या हातात धरली, शेंडा हलवून पाहिला, आणि म्हणाले, "वजन कुठे आहे हिला?"

आश्विनाच्या शेवटी आम्ही बेंबळेला गेलो. बाभुळगाव ओलांडून खडक सावंग्याच्या बाजूला वळले, की दोन्हीकडे फुटू लागलेला कापूस आणि मधून मधून तुरीची हिरवी रांग. वाटेत विजेच्या तारांखालून जाताना बाबांनी काठी आडवी धरायला लावली. कार्बनमधून वीज वाहते हे त्यांना कुणी सांगितले होते, देव जाणे. धरणाच्या फुगवट्याला एका बाजूने बाभळी निम्म्या पाण्यात उभ्या होत्या आणि त्यांच्या बुडख्यांशी पाणकणसे माजली होती.

पाणी मच्छीमार सोसायटीचे. तिथे विचारल्यावाचून गळ टाकणे म्हणजे दुसऱ्याच्या शेतातला कापूस वेचणे. काठावर जाळे झटकणाऱ्या एका म्हाताऱ्या भोयाला, माझ्या विद्यार्थ्याने आधीच सांगून ठेवले होते. त्याने काठी हातात घेतली, मग रबरी बेडूक घेतला आणि उलटासुलटा करून पाहिला.

"अन् ह्या रबराच्या बेडकाले मासोळी भुलते काय जी, सर?"

मी सांगितले, रोहू-कटला भुलत नाहीत, ते असले काही खात नाहीत. मरळ भुलते, ती शिकार करून खाणारी.

"किती पडले?"

मी आकडा सांगितला. तो काही बोलला नाही. त्या आकड्यात त्याच्या घरचे किती दिवस चालले असते, हा हिशेब मी त्याच्या तोंडावर वाचला, का माझ्याच मनात केला, कोण जाणे. मग तो बाबांच्या हाताकडे पाहून म्हणाला, "बसा बुवा. सावलीत बसा." आणि पाणकणसांच्या डावीकडे बोट दाखवून, "तिकडं नका टाकू. पिलं हायेत."

पाण्यावर खरोखरच तांबूस पिल्लांचा एक थवा उकळत्या पाण्यासारखा खदखदत होता. खाली मरळीची जोडी राखणीला असते. पिलांवर काही आले, की भूक नसली तरी झेपावते. तिथे आमिष टाकले, तर मासा हमखास लागतो, आणि पिले त्याच दिवशी दुसऱ्यांच्या पोटात जातात. बाबांना हे ठाऊक होते. त्यांनी खुर्चीच उजवीकडे वळवून घेतली.

पहिल्या दहा फेकी पायाशी पडल्या. डाव्या हाताच्या बोटाने दोर नेमका कधी सोडायचा, हे गणित जमेना. मी मदतीला हात पुढे केला, तर म्हणाले, "तू जा, तुझा तो सोमेश्वर वाच." मी बाभळीखाली जाऊन बसलो. अकरावी की बारावी फेक सरळ गेली. बाबांनी उजवा हात मांडीवरून उचलून दांड्यावर ठेवला. तो एक फेरा देई, थांबे, पुन्हा अर्धा फेरा देई. माझ्या धडधाकट हाताने मी इतके सावकाश कधीच ओढले नसते. बेडूक पाण्यावरून थांबत थांबत, अगदी खऱ्या बेडकासारखा येत होता.

पाणी फुटले. काठी मुठीपर्यंत वाकली आणि चक्री करकरली. मी उठलो, पण म्हाताऱ्या भोयाने माझा दंड धरला. बाबा फिरवीत होते. चमचा न धरणारा तो हात दात-ओठ खाऊन एकेक फेरा देत होता. मी सात मोजले. आठव्याला मासा पाणकणसांत शिरला, दोर ढिला पडला, आणि बेडूक एकटाच वर आला, एक पाय तुटलेला.

"दोर बारीक आहे," बाबा म्हणाले. "पण काठी ठीक आहे."

संध्याकाळी भोयाकडून दोन मरळी रीतसर विकत घेऊन आम्ही परतलो. आपण धरल्या असे सांगावे, असा मी प्रस्ताव मांडला होता, तो बाबांनी फेटाळला. रात्री जेवण झाल्यावर त्यांनी माझ्या खिशातून पडलेली नागपूरची पावती उचलली आणि चष्मा मागितला. जिनिंगमधल्या जुन्या सवयीने ते ओठ हलवीत वाचू लागले : काठी १६५०, चक्री ११००, दोर २२०, खोटी आमिषे १८०.

"एकूण ३१०० लिहिलेत. ३१५० होतात."

"मला तीन हजार सांगितले होते," स्वयंपाकघरातून आवाज आला.

"पन्नास रुपये त्याचे आपल्याकडे राहिले," बाबा म्हणाले. पावतीची घडी उजव्या हाताला जमली नाही, तेव्हा डाव्याने घातली. "नागपूरची पहिली एस. टी. किती वाजता सुटते?"