बारदानाचं बिल

बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षाच्या वेळापत्रकात 'ऑन जॉब ट्रेनिंग' असं एक नाव छापलेलं होतं. चार क्रेडिट, म्हणजे १२० तास. नव्या शैक्षणिक धोरणामुळे हे आलंय एवढं आम्हाला वर्गात सांगितलं गेलं आणि लगेच पुढे सांगितलं की जागा ज्याची त्याने शोधायची. ज्यांचे वडील, मामा व्यापारात आहेत त्यांची सोय त्याच संध्याकाळी झाली. माझे वडील कवठेमहांकाळ तालुक्यात द्राक्षबाग करतात. आमच्या घरातल्या कुणीही कधी ऑफिसात काम केलेलं नाही. कुणाकडे जायचं, गेल्यावर नेमकं काय मागायचं, त्यासाठी पैसे द्यावे लागतात की मिळतात, यातलं काहीच मला माहीत नव्हतं. आणि हे विचारावं असं माणूसही डोळ्यांसमोर येत नव्हतं.

तोवर कौशल्यांवरची व्याख्यानं मात्र भरपूर ऐकली होती. सभागृहात पडदा लावून पाहुणे सांगायचे: संवाद, संघभावना, नेतृत्व, वेळेचं नियोजन. मी सगळं वहीत उतरवून घ्यायचे. त्यात खोटं काही नव्हतं. पण 'संवादकौशल्य वाढवा' हे ऐकून हॉस्टेलवर आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी उठून करायचं काय, ते मला उमगत नसे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला एवढंच वाटायचं की संवाद म्हणजे इंग्रजी, आणि ते आपल्याला जमत नाही.

मग मी सांगलीच्या गणपती पेठेत पाट्या वाचत फिरायला लागले. कर सल्लागारांची ऑफिसं बहुतेक वरच्या मजल्यावर, अरुंद जिन्याने चढून जायची. एका ठिकाणी म्हणाले, शिकवायला कुणाला वेळ नाही. दुसरीकडे विचारलं, टॅली येतं का? कोर्स झालाय का? एका ऑफिसात मॅडमनी मात्र वेगळाच प्रश्न केला, "वीस तारखेच्या आधीच्या आठवड्यात सुट्टी मागणार नाहीस ना?" वीस तारखेला काय असतं ते मला तेव्हा कळलं नाही. मी नाही म्हणाले आणि मला खुर्ची मिळाली.

या ऑफिसचे पक्षकार म्हणजे मार्केट यार्डातले हळद, बेदाणा आणि गुळाचे व्यापारी. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे मी स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात पाठ केलं होतं. इथे त्याच हळदीची बिलं माझ्यापुढे गठ्ठ्यांनी येऊन पडली. काही छापील, काही हाताने लिहिलेली, काहींवर हळदीचे पिवळे ठसे. हिशेब सांभाळणारे एक ज्येष्ठ काका होते. त्यांनी गठ्ठा पुढे सरकवला आणि म्हणाले, "खरेदी वेगळी काढ, विक्री वेगळी काढ, आणि बाहेरच्या राज्याची बाजूला ठेव."

जीएसटी १ जुलै २०१७ ला लागू झाला, त्याची वैशिष्ट्यं कोणती, फायदे कोणते, हे मी परीक्षेत पानभर लिहू शकत होते. पण हातात बिल घेतल्यावर कोणतं राज्य हे कुठे बघायचं, तेच मला ठाऊक नव्हतं. काकांनी बोट ठेवलं. जीएसटी नंबर पंधरा स्थानांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे. २७ म्हणजे आपलं महाराष्ट्र, २९ कर्नाटक, ३३ तामिळनाडू, ३६ तेलंगण. त्यापुढची दहा स्थानं म्हणजे त्या माणसाचा पॅन. दोन्ही नंबर २७ चे असतील तर बिलात कर दोन भागांत दिसेल, अर्धा केंद्राचा, अर्धा राज्याचा. तामिळनाडूतल्या इरोडच्या गिऱ्हाइकाला माल गेला असेल तर एकच आयजीएसटी. बिलावर याच्या उलट काही दिसलं तर थांबायचं आणि विचारायचं. बास, एवढंच. पण त्या दिवसापासून मी बिल वाचायला लागले. पुस्तकातली दोन प्रकरणं तेव्हाच मला खऱ्या अर्थाने समजली.

खरी गोंधळाची गोष्ट महिन्याच्या मध्यावर आली. व्यापाऱ्याने माल घेताना जो कर भरलेला असतो तो त्याला पुढच्या करातून वजा मिळतो. पण त्यासाठी विकणाऱ्याने ते बिल आपल्या विवरणपत्रात दाखवलेलं असावं लागतं. दर महिन्याला भरणाऱ्याची त्यासाठीची मुदत पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत. १४ तारखेला पोर्टलवर २बी नावाचा तक्ता तयार होतो. त्यात बिल असेल तर कर वजा मिळतो, नसेल तर त्या महिन्यापुरता मिळत नाही. आणि २० तारखेपर्यंत ३बी विवरणपत्र करासकट भरायचं असतं. मॅडमनी वीस तारीख का विचारली होती ते इथे कळलं.

आमच्याकडची खरेदीची यादी आणि २बी या दोन याद्या एक्सेलमध्ये शेजारी ठेवून मला जुळवायच्या होत्या. एक्सेलवर मी परीक्षा दिलेली, व्हीलूकअपची व्याख्या पाठ. तरी निम्मी बिलं जुळेनात. बराच वेळ मी नुसती पडद्याकडे बघत बसले होते. मग दिसलं की आमच्या यादीत बिलाचा नंबर नुसता ४५ आहे आणि समोरच्याने तोच आडव्या रेघा, वर्ष आणि शून्य लावून भरलाय. बिल एकच, पण संगणकाच्या दृष्टीने दोन. नंबर सोडून जीएसटी नंबर आणि रक्कम यांच्यावर जुळवलं तेव्हा जवळजवळ सगळी यादी सुटली. व्याख्यानातलं 'समस्या सोडवण्याचं कौशल्य' हेच असेल तर ते एका कंटाळवाण्या दुपारी, कुणाचं लक्ष नसताना आलं. त्या दुपारी मला जो आनंद झाला तो कोणत्याच निकालाच्या दिवशी झाला नव्हता.

एक बिल मात्र उरलंच. हळदीच्या एका व्यापाऱ्याने गोण्या घेतल्या होत्या. त्या विकणाऱ्या बारदानवाल्याने बिल पोर्टलवर चढवलंच नव्हतं. काका म्हणाले, "फोन लाव त्यांना." मला घाम फुटला. अनोळखी माणसाला, वयाने मोठ्या व्यापाऱ्याला, तुम्ही तुमचं काम केलं नाही हे मी कसं सांगायचं? काकांनी एका चिठ्ठीवर क्रम लिहून दिला. आधी आपलं नाव. मग कुणाच्या ऑफिसातून. मग बिलाचा नंबर आणि तारीख. मग काय हवंय. मग कधीपर्यंत. "आणि फोन ठेवायच्या आधी त्यांच्या तोंडून तारीख घ्यायची. 'बघतो' म्हणाले तर नम्रपणे पुन्हा विचारायचं."

मी तसंच बोलले. पलीकडून "आमचा मुलगा बघतो ते, चार दिवसांनी करा," असं आलं. मी म्हणाले, "काका, आज मुलाचा नंबर मिळेल का? पुढच्या विवरणपत्रात नक्की येईल असं कळलं तर आमच्या पक्षकाराला तसं सांगता येईल." नंबर मिळाला. मुलगा चांगला बोलला, पुढच्या महिन्यात बिल घालतो म्हणाला. मी ते तारखेसह वहीत लिहून ठेवलं. सगळं बोलणं मराठीत झालं होतं. कुणालाही इंग्रजीची गरज पडली नव्हती.

दोन दिवसांनी ते हळदीचे व्यापारी स्वतः जिना चढून आले आणि थेट माझ्या टेबलापाशी थांबले. "पोरी, माझ्या बारदानाच्या बिलाचं काय झालं?" मी वही उघडून सांगितलं: या महिन्यात कर वजा मिळणार नाही, तेवढी रक्कम रोख भरावी लागेल, पुढच्या महिन्यात बिल दिसलं की मिळेल, बारदानवाल्यांनी अमुक तारखेला कबूल केलंय. त्यांना ते आवडलं नाही, पण पटलं. मान हलवून ते पैशांची सोय करायला गेले. माझ्या कामावर कुणाचे तरी पैसे अवलंबून आहेत आणि तो माणूस उत्तरासाठी माझ्यासमोर उभा आहे, असं याआधी कधी घडलं नव्हतं. परीक्षेत चुकलं तर गुण माझेच जातात. इथे दुसऱ्याचं जातं. वेळ पाळणं, नीट लिहून ठेवणं, 'झालं नाही' हे वेळेवर सांगणं, या गोष्टी त्या दिवसानंतर कुणाला मला वेगळ्या शिकवाव्या लागल्या नाहीत.

एक दिवस मी काकांना विचारलं, तुम्ही हे कुठे शिकलात? ते रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहात राहून शिकलेले. वसतिगृहाच्या कोठीचा हिशेब त्यांच्याकडे होता: रोज किती ज्वारी निघाली, किती मुलं जेवली, किती शिल्लक. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी संस्था काढली आणि 'कमवा आणि शिका' ही रीत रुजवली, हे मला शाळेपासून माहीत होतं. कर्मवीरांनी स्वतः ओगले काच कारखान्याचं आणि किर्लोस्करांच्या नांगरांचं विक्रीचं काम केलं होतं, हे काकांनी सांगितलं. गरीब मुलांच्या जेवणाची, फीची सोय म्हणूनच आम्ही ती योजना वाचली होती. काकांच्या तोंडून ऐकल्यावर मला तिची दुसरी बाजू दिसली. त्या मुलांच्या हातात खरी जबाबदारी दिलेली होती. कोठीचा हिशेब चुकला तर दुसऱ्या दिवशी धान्य कमी पडणार होतं. शंभर वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यांमध्ये हे इतक्या स्वच्छपणे कळलेलं होतं, आणि आज आम्हाला त्याच गोष्टी पडद्यावर दाखवून शिकवल्या जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तक्रार करायची तर दोनच गोष्टींची करेन. १२० तास थोडे आहेत. सुरुवातीचे कितीतरी दिवस नुसतं समजून घेण्यात जातात आणि आपण उपयोगी पडू लागतो तोवर तास संपतात. शिवाय हे सगळं शेवटच्या वर्षाला येतं. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. जागा शोधण्याचं ओझं विद्यार्थ्यावर टाकलं की ज्याच्या घरी ओळखी आहेत तोच पुढे जातो आणि बाकीचे ओळखीच्या दुकानातून शिक्का आणून फाईल पूर्ण करतात. त्यांचे चार क्रेडिट जमा होतात, शिकणं होत नाही. पदवीनंतर वर्षभराची अप्रेंटिसशिप करता येते, त्यात किमान विद्यावेतनाचा अर्धा वाटा केंद्र सरकार देतं, त्यासाठी नॅट्स या सरकारी पोर्टलवर नोंदणी करायची असते, हेही मला ऑफिसातल्या मॅडमकडूनच कळलं.

माझे तास संपले, पण मॅडमनी संध्याकाळी येत जा म्हणून सांगितलंय आणि आता थोडे पैसेही देतात. परवा मी बायोडाटा नव्याने लिहिला. 'उत्तम संवादकौशल्य' ही ओळ काढली. त्याजागी लिहिलं: खरेदीची यादी २बीशी जुळवते, न आलेल्या बिलांचा फोनवरून पाठपुरावा करते, पक्षकाराला स्थिती समजावून सांगते.

सांगली, मिरज, तासगावच्या कर सल्लागारांना, अडत्यांना माझी विनंती आहे की वर्षाला एका तरी मुलाला खुर्ची द्या, आणि त्याला नुसत्या झेरॉक्स काढायला लावू नका, एक बिल त्याच्या नावावर करा. कॉलेजांनी अशा ऑफिसांची यादी पहिल्या वर्षापासूनच सूचनाफलकावर लावावी. आणि माझ्यामागून येणाऱ्या मुलामुलींनो, तिसऱ्या वर्षाची वाट बघू नका, पहिल्या वर्षाच्या सुट्टीतच जिने चढायला लागा. फक्त जाल ते वीस तारीख उलटल्यावर जा. त्याआधी तिथे कुणालाही तुमच्याशी बोलायला वेळ नसतो.