नागपूरची प्रत किती जुनी?

दिवाळी झाली की आमच्या गोंदिया जिल्ह्यात धान खरेदीला जोर चढतो. मी ज्यांचे सर्व्हर सांभाळतो, त्यांच्या काट्यावर पोतं चढलं की नोंद इथल्या व्हर्च्युअल मशीनमध्ये पडते आणि तिची प्रत नागपूरला जात राहते. २०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगा गावांत शिरली, तेव्हापासून प्रत दुसऱ्या शहरात का ठेवायची, हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ठरलंय असं, की नागपूरची प्रत १५ मिनिटांपेक्षा जुनी होता कामा नये. झाली, की माझा फोन वाजतो.

एका हंगामात तो रोज रात्री दीडला वाजायचा. पावणेतीनपर्यंत स्क्रीनवरची लाल ओळ आपोआप हिरवी व्हायची. सोबतचा मुलगा म्हणाला, "भाऊ, मर्यादा दोन तास करून टाका ना, वाजणारच नाही."

मला ते पटेना. रात्री काटा बंद असतो, हे खरं. पण मर्यादा दिवसालाही तीच. भर दुपारी ट्रॅक्टरची रांग लागलेली असताना सर्व्हर गेला, तर दोन तासांच्या नोंदी गेल्या. ते वजन कुणाचं, पैसे कुणाचे?

कागद घेतला. आमची लाइन १० एमबीपीएसची, म्हणजे सेकंदाला सव्वा एमबी. १५ मिनिटांत जेमतेम १.१ जीबी पलीकडे जाणार. मग त्या-त्या वेळी डिस्कवर किती ब्लॉक बदलतात, तो आलेख उघडला. दिवसा ऐन गर्दीतही पाव तासाला २०० एमबीच्या आत. रात्री सव्वाला मात्र एकदम ६ जीबी! एवढं वाहून न्यायला ८० मिनिटं लागणारच.

सव्वाला डेटाबेसचा बॅकअप सुटायचा आणि त्याच डिस्कवर उतरायचा. नागपूरला प्रत नेणाऱ्या रेप्लिकेशनला बॅकअप आणि धानाची पावती यांतला फरक कळत नाही; बदललेला प्रत्येक ब्लॉक ते उचलतं. बॅकअपसाठी वेगळी डिस्क जोडली, ती रेप्लिकेशनमधून वगळली आणि तिची प्रत पहाटेपर्यंत बांधलेल्या वेगाने जाईल अशी सोय केली.

पुढच्याच महिन्यात भर दुपारी फोन वाजला. आलेख सपाट होता, बदल नेहमीएवढेच. म्हणजे दुखणं लाइनचं. रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडली होती. दोन तासांची मर्यादा असती, तर ते आम्हाला संध्याकाळी कळलं असतं.

मर्यादा आजही १५ मिनिटांचीच आहे.