वाळूआडची हिरवळ

नॉर्थ कॅरोलायनातल्या सॅनफर्डजवळची ही जमीन एके काळी वाळूसाठी खणली गेली. पोट उपसलेलं, कडे उघडे पडलेले, भोवती पाइनची झाडं आणि तंबाखूचा मुलूख. दुसऱ्या कुणी खड्डे बुजवून आधी सगळं सारखं केलं असतं. गोल्फ कोर्सचा रचनाकार माइक स्ट्रँट्झनं ते उपसलेपण राखलं, आणि 1998 मध्ये तिथं 'टोबॅको रोड' हा गोल्फ कोर्स सुरू झाला.

पहिल्याच टीवरून, म्हणजे सुरुवातीचा फटका मारायच्या जागेवरून, पाहावं तर समोर दोन अजस्र उंचवटे वाट अडवून बसलेले. मधल्या फटीतून हिरवळीची चिंचोळी पट्टी तेवढी दिसते. छातीत धस्स होतं. चालत जवळ गेलं की कळतं, दिसली त्याहून जागा कितीतरी ऐसपैस आहे. मला खेळापेक्षा हे चालणंच अधिक आवडतं. भीती पावलागणिक ओसरत जाते. लांबीला तर हा कोर्स बेताचाच, साडेसहा हजार यार्डांच्या आसपास. त्याची सगळी दहशत नजरेत आहे.

आणि ती नजर चित्रकाराची. ओहायोतल्या टोलेडोचा स्ट्रँट्झ आधी चित्रकला शिकला, मग गवताचं शास्त्र. इन्व्हरनेस या गोल्फ क्लबच्या मैदानावर तो राबत असताना कोर्स-रचनाकार टॉम फाझिओनं त्याला हेरलं आणि आपल्याकडे घेतलं. पुढं तो स्वतंत्र झाला. लांब केस, भरघोस मिशा, घोड्यावर बसून जमीन पालथी घालायची, प्रत्येक होलचं पेन्सिलनं चित्र काढायचं, आणि मग तेच चित्र मातीत उतरवायचं. एका वेळी बहुधा एकच काम हाती. आराखड्यापेक्षा चित्रावर विसंबणारा माणूस उतारावरची सावलीसुद्धा विसरत नाही, हे इथं फिरताना पटतं.

तेराव्या होलवर ग्रीन, म्हणजे चेंडू जिथं पोचवायचा ती हिरवळ, वाळूच्या ढिगांआड दडलेलं आहे. न दिसणाऱ्या जागी चेंडू मारायला लावणं हा अन्याय, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. टेकाड चढून पलीकडे डोकावताना मोठ्या माणसांच्या चेहऱ्यावर जी उत्सुकता येते, ती सरळ दिसणाऱ्या ग्रीननं कधी आणलेली नाही.

कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे पेनिन्सुला क्लबचा शोअर कोर्स स्ट्रँट्झनं 2004 मध्ये नव्यानं घडवला, तोही कर्करोगाशी झुंजत. तिथं साक्षात समुद्र होता, म्हणून हात आवरता ठेवला. खडक, गवत, सायप्रस यांनाच पुढं केलं. सॅनफर्डला लाटा त्यालाच वाळूतून उठवाव्या लागल्या होत्या. 2005 च्या जूनमध्ये, अवघ्या 50 व्या वर्षी, तो गेला. स्वतःच्या नावावर मोजकेच कोर्स. माणसांनी ओरबाडून सोडून दिलेल्या जमिनी जगात कमी नाहीत. त्यातल्या आणखी दोन-चार त्याच्या हाती लागायला हव्या होत्या, असं फार वाटतं.