आधी टप, मग बॅटरी

कॅम्परव्हॅन बांधून घेणारे बहुतेक जण सुरुवात बॅटरीपासून करतात. २०० एएच (अँपिअर-तास) पुरेल का, ४०० टाकू का, पुढे वाढवता येईल का, अशी चर्चा रंगते आणि टपावरच्या पॅनेलचा विषय शेवटी निघतो. उरलेल्या जागेत बसतील तेवढी बसवू, असं म्हणून तो मिटवलाही जातो. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. बॅटरी वीज तयार करत नाही, दुपारची वीज रात्रीपर्यंत सांभाळते. २०२४ च्या उन्हाळ्यात बेंगळुरूच्या अनेक भागांतल्या बोअरवेल आटल्या, तेव्हा मोठी भूमिगत टाकी असलेल्या इमारतींनाही टँकरची वाट बघावीच लागली. व्हॅनचंही तसंच आहे. रोजचा लोड भागवून पॅनेलकडे जी वीज शिल्लक राहते, तिच्यावरून बॅटरीचा आकार ठरला पाहिजे, नुसत्या लोडवरून नव्हे. हे मला आकड्यांनिशी मांडायचं आहे.

टप आधी मोजायचा, कारण तोच एक वाढत नाही. ५४० वॅटचं एक मोनो पॅनेल सुमारे सव्वादोन मीटर लांब आणि सव्वा मीटरहून थोडं कमी रुंद असतं. फोर्स ट्रॅव्हलरसारख्या गाडीच्या टपावर एक्झॉस्ट फॅन, एसीचं युनिट आणि सामानाचं कॅरिअर यांनाही जागा लागते, म्हणून आपण एकच पॅनेल धरू. बेंगळुरू १३ अक्षांशावर असल्यामुळे पॅनेल आडवं ठेवल्यानं फार बिघडत नाही. ऊन मात्र ऋतूप्रमाणे बदलतं. मार्च-एप्रिलमध्ये दर चौरस मीटरला दिवसाकाठी ६ युनिटच्या वर ऊन मिळतं, जुलै-ऑगस्टमध्ये ते साडेचारच्या आसपास येतं. त्यातून टपाला चिकटून बसवलेल्या पॅनेलला खालून वारा मिळत नाही. ते ६० अंशांवर तापलं की १२ ते १४ टक्के क्षमता तिथेच जाते. धूळ, वायर आणि चार्ज कंट्रोलरचा वाटा वजा केला की छापील वॅटच्या ७० टक्के हाती येतात असं धरावं. म्हणजे जुलैत दिवसाला साधारण १७०० वॅट-तास आणि एप्रिलमध्ये सव्वादोन हजारांच्या पुढे.

आता दोन माणसांचा खर्च पाहू. १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज ६०० वॅट-तास घेतो, २८ वॅटचा बीएलडीसी पंखा रात्रभर २८०, दिवे १००, लॅपटॉप आणि फोन ३००. पाण्याचा पंप धरून हे सगळं १३०० पर्यंत जातं. जुलैत शिल्लक उरते फक्त ४००. १२ व्होल्टच्या, २०० एएचच्या लिथियम बॅटरीतून नव्वद टक्के वीज वापरायची ठरवली तर सुमारे २३०० वॅट-तास मिळतात, म्हणजे पावणेदोन दिवसांचा बॅकअप. पण ती एकदा रिकामी झाली की त्या ४०० च्या शिलकीतून भरायला सहा दिवस लागतात. तिच्या जागी ४०० एएच टाका, बॅकअप दुप्पट होईल आणि भरण्याचे दिवसही दुप्पट होतील, जवळजवळ बारा. गाडीत राहणारा माणूस बारा दिवस रोजचा खर्च सांभाळून, एकही ढगाळ दिवस न येता बॅटरी भरत राहील, हे पावसाळ्यात शक्य नाही. दुप्पट पैसे मोजून घेतलेली ती बॅटरी अर्ध्या पोटीच फिरत राहते.

ढगाळ दिवसांसाठीच तर मोठी बॅटरी लागते, असं यावर कोणी म्हणेल. चार दिवसांचा बॅकअप हवा असेल तर साडेचारशे एएच लागतील हे खरं. पण ते भरणार कोण, हा प्रश्न उरतोच. शिवाय बेंगळुरूहून निघालेली व्हॅन पावसाळ्यात जाते ती सकलेशपूर, चिकमगळूर, कोडगूच्या बाजूला. तिथे आकाश इथल्याहून जास्त झाकलेलं असतं आणि कॉफीच्या मळ्यात गाडी उभी राहते सिल्व्हर ओकच्या सावलीत. पॅनेलमधले सेल एकापाठोपाठ जोडलेले असतात. एक फांदी आडवी आली तरी पॅनेलचा तिसरा हिस्सा बंद पडू शकतो. अशा वेळी जास्तीच्या बॅटरीपेक्षा गाडी वीस पावलं उन्हात सरकवणं अधिक कामाचं. घराला हे जमत नाही, गाडीला जमतं.

दुसरा आक्षेप अल्टरनेटरचा, आणि तो रास्त आहे. ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर तीन तासांच्या प्रवासात हजार ते बाराशे वॅट-तास भरून देतो. जुलैच्या तीन दिवसांच्या शिलकीएवढं हे आहे. रोज फिरणाऱ्याने ते हिशोबात जरूर धरावं. एकाच जागी चार दिवस राहणाऱ्याने धरू नये, कारण नुसत्या चार्जिंगसाठी उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवणं म्हणजे फार महाग वीज.

लिथियमला अर्धवट चार्ज चालतो, मग बिघडतं कुठे, असंही विचारलं जातं. लेड-ॲसिड अर्धवट राहिली की प्लेटवर सल्फेट घट्ट बसतं आणि बॅटरी मरते. लिथियमचं तसं होत नाही हे मान्य. तरीही बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा) तिच्या सेलची पातळी सारखी करते ती बहुधा पूर्ण चार्जच्या जवळ, आणि टक्केवारी दाखवणारा मीटरही पूर्ण चार्जलाच स्वतःला दुरुस्त करून घेतो. आठवडेच्या आठवडे ती तिथवर पोचली नाही, तर मीटरवरचा आकडा भरवशाचा राहत नाही. उलट टोकही टाळायला हवं. १०० एएचची बॅटरी एप्रिलात दुपारीच भरते आणि पुढचं ऊन वाया जातं. त्या वेळी इंडक्शनवर भात लावावा, लॅपटॉप भरून घ्यावेत. रात्रभर एसी मात्र एका पॅनेलच्या आवाक्याबाहेरचा आहे. तो बाहेरच्या वीजजोडणीवरच लावावा. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून ९०० मीटरच्या वर आहे, इथल्या बहुतेक रात्रींना पंखा पुरतो.

पॅनेल, लोड आणि बॅटरी यांचा मेळ घालण्याचा हा विचार नवा नाही. केंद्र सरकारच्या घरगुती सौरदिव्यांच्या जुन्या संचांत १८ वॅटच्या पॅनेलला २० एएच, ३७ ला ४० आणि ७४ ला ७५ एएचची बॅटरी असे. त्यावरून वॅटमागे एक एएच असा ठोकताळा काही जण व्हॅनलाही लावतात. पण तिथे लोड आधीच बांधलेला होता, ठरावीक दिव्यांचा किंवा दिवे आणि एका पंख्याचा, म्हणून शिल्लक उरत होती. १९९५ साली बेंगळुरूत सुरू झालेल्या सेल्को या सौरऊर्जा कंपनीनेही घराची गरज आधी बघायची आणि संच त्यावरून ठरवायचा, हीच पद्धत रुजवली. मोजलेला लोड बाजूला सारून नुसतं प्रमाण उचललं तर ते व्हॅनमध्ये फसतं.

म्हणून गाडी बांधायला देण्यापूर्वी एका कागदावर तीन आकडे लिहा : टपावर मावणारे वॅट, जुलैत त्यांच्याकडून मिळणारे वॅट-तास आणि तुमचा रोजचा लोड. दुसऱ्यातून तिसरा वजा करा. काहीच उरत नसेल तर लोड कमी करा किंवा कॅरिअर काढून दुसरं पॅनेल बसवा. उरत असेल तर दीड-पावणेदोन दिवसांच्या लोडएवढी, पण त्या शिलकीतून सहाएक दिवसांत भरेल एवढीच बॅटरी घ्या आणि वाचलेले पैसे पॅनेल, जाड वायर आणि चांगल्या एमपीपीटी कंट्रोलरवर घाला.