पोलादाला दिलेलं पाणी

गावाकडे लोहार लालबुंद विळा पाण्यात बुडवून त्याला ‘पाणी’ द्यायचा. तापमान आणि वेळ यांनी पोलाद कसं बदलतं, याचा आलेख डेव्हनपोर्ट आणि बेन यांनी १९३० साली मांडला, आपल्याच न्यू जर्सीतल्या कार्नीत. ०.८ टक्के कार्बनचं पोलाद ७२७ अंश सेल्सिअसच्या वर तापवा. सावकाश निवू दिलं तर मऊ पर्लाइट, ३०० अंशांवर तासभर धरलं तर चिवट बेनाइट, एकदम पाण्यात टाकलं तर कडक, ठिसूळ मार्टेन्साइट. पण २०० अंशांवर पुन्हा तासभर ठेवलं, की ठिसूळपणा उतरतो, धार टिकते. आम्ही पहिल्या पिढीचे इथे एकदम थंड पाण्यात पडलो. मुलांनो, आई-बाबा कडक वाटले, तर थोडी ऊब द्या, आणि वेळही.