माउस सहसा निर्दोष असतो

संपादकांना खरं तर लेख हवा होता कृत्रिम बुद्धिमत्तेवर. "तुमची हयात कॉम्प्युटरमध्ये गेली, एआयवर तुम्हीच लिहायला हवं," असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, माझी हयात कॉम्प्युटर उघडण्यात आणि पुन्हा बंद करण्यात गेली. एआय कुठवर पोचला ते मलाही वर्तमानपत्रातूनच कळतं. माझ्या दुकानात आजही माणूस काखोटीला कॅबिनेट मारून येतो आणि सांगतो, "माउस घेत नाहीये." त्यावर लिहू का? "लिहा," ते म्हणाले, "पण वाचकांना कळेल असं लिहा." ही अट पाळायचा प्रयत्न करतो. मधेच घसरलो तर तेवढा परिच्छेद सोडून पुढे जावं.

हा विषय डोक्यात घोळत होता तो यंदाच्या भाद्रपदातल्या एका प्रकरणामुळे. ते काम झालं, मशीन चालू आहे, पण मनातून जात नाही. दिवाळी अंकांची पानं लागायच्या ऐन गर्दीत एका छापखान्याचा मदरबोर्ड गेला. कॅपॅसिटर फुगलेले, बोर्ड जुना, दुरुस्तीत अर्थ नव्हता. कुणीतरी त्याजागी एच-११० चिपसेटचा बोर्ड आणि सहाव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर बसवून दिला. हार्ड डिस्क मात्र जुनीच ठेवली, आतल्या विंडोज ७ सकट. कारण त्या डिस्कवर पेजमेकर, श्रीलिपी आणि इतक्या वर्षांच्या लग्नपत्रिका, अहवाल, अंक. "फॉरमॅट करायचं नाही," ही मालकांची पहिली आणि शेवटची अट. मशीन चालू झालं, विंडोज आलं, पासवर्डची चौकट आली, आणि माउस हलेना. कीबोर्डही मुका.

मी पोचलो तोवर टेबलावर नव्याकोऱ्या माउसची दोन खोकी फोडून पडली होती. हा आमच्याकडचा रिवाजच आहे. माउस चालला नाही की माउस बदलायचा. स्वस्त आहे, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो आणि बदलायला अक्कल लागत नाही. पण ज्या माउसने सकाळपर्यंत काम केलं तो बोर्ड बदलताक्षणी मरायचं काही कारण नसतं. म्हणून मी गेल्यावर पहिला प्रश्न विचारतो तो एकच: शेवटचं नीट चालत होतं त्यानंतर काय बदललं? उत्तर ठरलेलं, "काहीच नाही." चहा येईपर्यंत हळूहळू कळतं की परवा रंगारी आले होते, टेबल सरकवलं, एक वायर निघाली होती ती "बसेल तिथे" बसवली. इथे निदान बदल डोळ्यांसमोर होता.

ऑपरेटर ताई फार हुशार. त्यांनी मला दोन गोष्टी दाखवल्या, त्यातल्या पहिलीतच उत्तर होतं. बायोसच्या, म्हणजे विंडोज येण्याआधीच्या, पडद्यावर हाच माउस झकास चालत होता, बाण हवा तिथे जात होता. आणि विंडोजचा लोगो येता येता माउसखालचा लाल दिवा विझत होता. यावरून छापखान्यात निदान झालेलं होतं: "बोर्डातून पॉवर येत नाही, बोर्ड बदलून आणा."

आता थोडं तांत्रिक. यूएसबी माउसच्या केबलमध्ये चार तारा असतात. दोन विजेच्या, पाच व्होल्ट आणि अर्थ, दोन बोलण्याच्या. दिवा पेटायला पहिल्या दोन पुरतात. म्हणून "दिवा लागतोय म्हणजे माउस चांगला" हे जितकं चूक, तितकंच "दिवा विझला म्हणजे वीज नाही" हेही चूक. माउस खुपसल्यावर त्याच्या आतला दीड किलोओहमचा एक रेझिस्टर डेटाच्या दोन तारांपैकी एक तार वर ओढून धरतो. एवढ्यावरून मशीनला कळतं की कुणीतरी आलंय आणि ते सावकाश बोलणाऱ्यातलं आहे. मग मशीन त्याला रीसेट करतं, एक क्रमांक देतं, ओळखपत्र मागतं: बनवणारा कोण, वस्तू कोणती, काम काय. त्यानंतर ऑपरेटिंग सिस्टिम त्या कामाचा ड्रायव्हर शोधते. इतकं सगळं पार पडलं की बाण हलतो. यातली कुठलीही पायरी चुकली तरी गिऱ्हाइकाला दिसतं ते एकच, बाण हलत नाही. विंडोज कधीकधी कोड ४३ दाखवतं, म्हणजे बहुतेक वेळा बोलणं ओळखपत्रापाशी तुटलेलं असतं. तिथे केबल, पोर्ट, माउस यांच्यावर संशय घ्यायला जागा आहे. पण बायोसमध्ये माउस चालतो म्हणजे तार, पोर्ट, वीज आणि माउस हे चौघेही निर्दोष सुटले. बायोसकडे स्वतःचा छोटा यूएसबी ड्रायव्हर असतो. विंडोज आलं की बायोस बाजूला होतं आणि कारभार विंडोजच्या हाती जातो. गोची त्या हस्तांतरात होती.

विंडोज ७ आलं २००९ मध्ये. त्याला यूएसबीचा जुना कंट्रोलर कळतो, ईएचसीआय नावाचा. यूएसबी ३ साठी एक्सएचसीआय नावाचा नवा कंट्रोलर आला, त्याचा ड्रायव्हर विंडोज ७ मध्ये मुळातच नाही. काही वर्षं इंटेलने चिपसेटमध्ये दोन्ही ठेवले, म्हणून कुणाला काही जाणवलं नाही. २०१५ मध्ये सहाव्या पिढीबरोबर जे चिपसेट आले त्यांतून जुना कंट्रोलर काढून टाकला. म्हणजे त्या छापखान्यात विंडोज ७ ने कारभार हाती घेतला तेव्हा त्याला बोर्डावरचा एकही यूएसबी पोर्ट ओळखू येत नव्हता. आणि दिवा? यूएसबीचा नियम असा की तारेवर तीन मिलिसेकंद काहीच हालचाल नसेल तर जोडलेल्या वस्तूने झोपायचं आणि वीज वाचवायची. माउसशी बोलायला कुणी उरलं नाही, म्हणून तो झोपला. बिचारा नियम पाळत होता आणि त्याबद्दल त्याला कचऱ्यात टाकला.

उपाय सोपा, इंटेलचा ड्रायव्हर टाकायचा. टाकायचा कसा? ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर, पेन ड्राइव्ह यूएसबीवर. नेटवर्कवरून घ्यावा तर नव्या बोर्डाच्या नेटवर्कचाही ड्रायव्हर नाही. डीव्हीडी ड्राइव्ह कधीच काढून टाकलेला. आणि डीटीपीच्या सॉफ्टवेअरचं हार्डवेअर लॉक, तेही यूएसबीचंच. मी आधी डिस्कचा क्लोन घेतला. हे मी कुणालाही विचारत नाही, घेतोच. मग मूळ डिस्क माझ्या मशीनला जोडून ड्रायव्हरचं फोल्डर तिच्यावर ठेवलं. डिस्क परत लावली, बोर्डामागच्या अर्ध्या जांभळ्या अर्ध्या हिरव्या गोल पोर्टात माझ्या पिशवीतला जुना पीएस/२ माउस बसवला आणि मशीन चालू केलं. बाण हलला. कीबोर्ड अजून मुकाच, म्हणून लॉगिनच्या पडद्यावर कोपऱ्यातून ऑन-स्क्रीन कीबोर्ड उघडला आणि ताईंनी सांगितलेला पासवर्ड एकेक अक्षर टिचकी मारत भरला. ड्रायव्हर बसला, मशीन पुन्हा सुरू झालं, यूएसबीवरचे सगळे जागे झाले.

दुकानातली तरुण मुलं इथे माझ्याशी भांडतात. डिस्क बाहेर काढलीच होती तर डीआयएसएमची आज्ञा देऊन ड्रायव्हर परस्पर आत घालता आला असता, हा गोल प्लगाचा सोस कशाला? मुद्दा बरोबर आहे. पण पीएस/२ बद्दल मला बोलायचंच आहे, कारण या पोर्टाची आजकाल उगाच टिंगल होते. आयबीएमने तो १९८७ मध्ये आपल्या पर्सनल सिस्टिम/२ बरोबर आणला, नाव तिथूनच आलं. कीबोर्ड जांभळा आणि माउस हिरवा ही रंगसंगती पुढे नव्वदीच्या अखेरीला ठरली. दोघांत फरक असा: यूएसबी म्हणजे हजेरी घेणारे मास्तर. ठरावीक वेळाने मास्तर प्रत्येकाचं नाव घेणार, मग मुलाने बोलायचं. मास्तरच वर्गात नसले तर सगळे गप्प. पीएस/२ वरचा मुलगा काही घडलं की स्वतःहून उठून ओरडतो, त्यासाठी इंटरप्टची बारा नंबरची लाइन त्याच्या नावावर राखलेली. यावरून काही जण पीएस/२ जास्त वेगवान असल्याचं ठासून सांगतात. ते खरं नाही. तो सेकंदाला फार तर दोनशे वेळा हालचाल कळवतो. गेमिंगचे यूएसबी माउस हजार वेळा कळवतात. माझा मुद्दा वेगाचा नाही. मधल्या माणसांच्या संख्येचा आहे. पीएस/२ मध्ये मधले फार कमी, म्हणून बाकी सगळं कोलमडलं तरी तो उभा राहतो. सुरू होताना मशीन त्याला रीसेट म्हणतं, तो स्वतःची तपासणी करून "ठीक आहे" असा एक बाइट आणि आपली ओळख सांगणारा एक बाइट पाठवतो. संपलं.

त्याच्या खोडीही सांगतो, नाहीतर एकतर्फी होईल. तो मशीन बंद असतानाच लावायचा. चालू मशीनला ओढाताण केली तर काही बोर्डांवरचा त्या पोर्टाचा बारकासा फ्यूज उडतो. आणि तो हिरवा कन्व्हर्टर, जो लावून लोक यूएसबी माउस गोल भोकात खुपसतात, त्याच्या आत नुसत्या तारा असतात, अक्कल नसते. माउसला दोन्ही भाषा येत असतील तरच तो चालतो, आणि आजच्या बहुतेक माउसना एकच येते. "कन्व्हर्टर लावूनही चालत नाही म्हणजे बोर्डच खराब" हे दर आठवड्याला ऐकतो.

बाकीची प्रकरणं पटकन. नवं कॅबिनेट घेतलं आणि फक्त पुढचे पोर्ट बंद असतील तर बोर्डावरचा नऊ पिनांचा कनेक्टर बघा. नीट बसलेला नसतो किंवा चुकीच्या जागी असतो. जुन्या काही बोर्डांवर तस्साच दिसणारा फायरवायरचा हेडर असायचा, त्यावर बारा व्होल्ट. तिथे यूएसबीची वायर लावली की पाच व्होल्टच्या माउसचं काय होतं ते वासावरून कळतं. बोर्डाखाली पितळी स्टँडऑफ नको तिथे राहिला तर तो खालून शॉर्ट करतो. वायरलेस माउस अडखळत असेल आणि शेजारच्या पोर्टात यूएसबी ३ चा पेन ड्राइव्ह वा डिस्क असेल, तर सेल बदलत बसू नका. त्या पोर्टाचा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पडतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर लिहिलेलं आहे. रिसीव्हर एका छोट्या एक्स्टेन्शन वायरवर लांब घ्या, काम होतं.

छापखान्याचं बिल मी दिलं. मालक भले गृहस्थ, पण बिल बघून त्यांचा चेहरा उतरला. "अहो, शेवटी माउसच तर बदललात ना? अडीचशेचा माउस, आणि हे एवढं कसलं?" मी समजावलं. त्यांनी पैसे दिले, पण फसवल्यासारखे दिले. बोर्ड बदलून आणला असता तर त्यांनी दुप्पट रक्कम विनातक्रार दिली असती, कारण बोर्ड हातात धरता येतो. आमच्या धंद्याचं सगळं दुखणं यात आहे. लोक वस्तूचे पैसे देतात, शोधण्याचे देत नाहीत. म्हणून कित्येक दुरुस्तीवाले शोधायचंच सोडून देतात, सरळ वस्तू बदलतात, आणि चांगले माउस, चांगले बोर्ड भंगारात जातात. मी त्यांना दोषही देऊ शकत नाही. त्यांनाही घर आहे. ज्या डग्लस एंगेलबार्टने माउस शोधला, ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत भरल्या सभागृहात चालवून दाखवला, त्यालाही त्याची रॉयल्टी मिळाली नाही. पेटंट संस्थेच्या नावावर होतं आणि माउस घरोघरी पोचण्याआधी, १९८७ मध्ये, त्याची मुदत संपली. पीएस/२ पोर्ट आला तेच साल.

पण मनातून जात नाही ते बिल नव्हे. विंडोज ७ चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० ला काढून घेतला. त्या डिस्कवरचा मजकूर जुन्या फॉन्टांत आहे, युनिकोडमध्ये नाही. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडला तर अगम्य चिन्हं दिसतात. मी ते मशीन जिवंत केलं म्हणजे तो सगळा मजकूर युनिकोडमध्ये आणायचं काम आणखी काही वर्षं पुढे ढकललं. पुढचा बोर्ड जाईल तेव्हा बहुधा गोल पोर्टही नसेल. मालकांना मी हे तोंडावर सांगितलं. "दिवाळी होऊ दे," ते म्हणाले. दुरुस्ती चांगली झाली की माणूस सावध होत नाही, निर्धास्त होतो. मग माझ्या कौशल्याने त्यांचं भलं झालं की नुकसान, हे मला नक्की सांगता येत नाही.

एक बदल मात्र मी केला आहे. बिलावर आता दोन ओळी लिहितो: वस्तू, आणि त्याखाली निदान, वेगळ्या रकमेसह. पहिल्या ओळीवर कुणी बोलत नाही. दुसरीवर घासाघीस होते, "हे काढा हो" म्हणतात. रक्कम कधीकधी कमी करतो. ओळ खोडत नाही.