इशींचं देणं

मिरजेला वैद्यकीचं शिक्षण घेताना कंडरा म्हणजे काय, हे मी पाठ केलं होतं. स्नायूला हाडाशी बांधणारा पांढरा, चिवट पट्टा. कुठला पट्टा कुठे चिकटतो, कुठलं बोट हलवतो, सगळं तोंडावर होतं. पुढे तुटलेल्या कंडरा शिवणं हेच रोजचं काम झालं. तरी या पट्ट्याच्या अंगी खरोखर काय आहे, ते मला कळलं अमेरिकेतल्या 'याही' नावाच्या आदिवासी जमातीच्या इशी यांच्यामुळे. ते १९१६ सालीच गेले. त्यांचं माझं नातं फक्त घेणाऱ्याचं.

नोकरीनिमित्त सॅन फ्रान्सिस्कोला आल्यावर एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी डॉ. सॅक्स्टन पोप यांचं लिखाण माझ्या हातात ठेवलं. पोप इथलेच शल्यचिकित्सक. ऑगस्ट १९११ मध्ये इशी ओरोव्हिल गावाजवळ एकटे आढळले, तेव्हा त्यांची सारी माणसं गोऱ्या वसाहतवाल्यांच्या कत्तलींत आणि उपासमारीत संपली होती. पुढे ते इथल्या विद्यापीठाच्या संग्रहालयात राहिले. रुग्णालय शेजारीच होतं. उपचार करायला जाणारे पोप त्यांच्यापाशी शिष्य होऊन बसले.

इशींचं धनुष्य जुनिपरच्या लाकडाचं, जेमतेम ४२ इंचांचं. माप अंगावरचं: आडव्या पसरलेल्या हातापासून दुसऱ्या बाजूच्या कमरेपर्यंत. इतकं आखूड लाकूड ओढलं की फार वाकतं, आणि ताण येतो तो बाहेरच्या बाजूवर, म्हणजे पाठीवर. तिथले तंतू आधी तुटतात. म्हणून त्या पाठीवर हरणाच्या पायातल्या कंडरांचा थर. कंडरा लाकडापेक्षा कितीतरी जास्त ताणली जाते आणि परत येते. शिवाय वाळताना आक्रसते, त्यामुळे दोरी चढवण्याआधीच धनुष्य उलट्या बाजूला खेचलं जातं.

हे वाचून समजलं, पण पटलं ते हातानं केल्यावर. एका शिकाऱ्यानं दिलेल्या कंडरा वाळल्यावर पिवळट, पारदर्शक आणि काडीसारख्या कडक झाल्या. दगडावर हळूहळू ठेचत गेलो तशा त्या पांढऱ्या पडल्या, मग उकलू लागल्या आणि शेवटी केसाइतके बारीक धागे सुटे झाले. आयुष्यभर मी ज्या धाग्यांतून सुई घातली, ते असे मोकळे कधी पाहिलेच नव्हते. इशी कंडरा चावून मऊ करत. मी कोमट सरसात भिजवल्या. त्यांचा सरस सामन माशाच्या कातडीचा. कंडरा आणि सरस दोन्ही मुळात कोलॅजनचेच, म्हणून वाळल्यावर त्यांचा थर एकजीव होतो. एकीची टोकं दुसरीवर येतील अशा बेतानं जुड्या रचायच्या, वरून पट्टीनं आवळायचं (ते विलोची साल वापरत) आणि वाळू द्यायचं. इथे घाई चालत नाही. शिवलेली कंडरा भरून येण्याआधी बोट हलवायची घाई करणाऱ्या रुग्णांना मी नुसतं 'थांबा' म्हणायचो. या कामानंतर का थांबायचं तेही समजावून सांगू लागलो.

ऋणाचा दुसरा भाग जड आहे. इशी क्षयानं गेले. मृत शरीराची चिरफाड त्यांना मान्य नव्हती. मानववंशशास्त्रज्ञ क्रोबर यांनी न्यूयॉर्कहून तसं कळवलंही, पण पत्र पोचायला उशीर झाला. शवविच्छेदन झालं, मेंदू काढून घेतला गेला, पुढे तो स्मिथसोनियन संस्थेकडे पाठवला गेला. त्यांच्या नात्यातल्या जमातींना तो परत मिळाला २००० साली. ज्यांना त्यांनी आपली विद्या दिली, जीव लावला, त्यांच्याच रुग्णालयात हे घडलं. मी त्याच पेशातला. हे वाचल्यापासून देहदानाच्या टेबलापाशी उभं राहताना समोरच्या माणसानं कशाला हो म्हटलं होतं, ते मी आधी विचारून घेतो.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या तरुण डॉक्टरांना मी तेव्हा केलेलं छोटं धनुष्य हाताळायला देतो, पाठीवरचा थर बोटांनी चाचपून पाहायला लावतो. मग पोपना काय मिळालं ते सांगतो, आणि इशींच्या देहाचं काय झालं तेही त्याच बैठकीत सांगतो. एक सांगून दुसरं टाळलं, तर त्यांचं नाव घ्यायचा मला अधिकार वाटत नाही.